झाकण किती वेळा उघडायचं?

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



या महिन्याचा विषय 'निष्काम कर्म' आहे, कोण लिहितं, असा मेसेज ग्रुपवर आला आणि मी लगेच 'मी लिहिते' म्हणून टाकलं. त्यानंतर पाच मिनिटांत मी मागच्या अंगणात होते, एका हातात मक्याच्या भरड्याचा डबा आणि दुसऱ्या हाताने खुराड्यातल्या पेटीचं झाकण उचलून आत डोकावत. त्या दिवसातली ती तिसरी वेळ. माझं मलाच हसू आलं. निष्काम बिष्काम काही नाही, मला अंडं हवं होतं. तेही रंगीत.

कोंबड्या आमच्याकडे आल्या त्या चिरंजीवांमुळे. मुलगा सत्तावीस वर्षांचा, गेली चार वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. आधी भंवरकुआँला खोली घेऊन राहिला, मग भाडं आणि खानावळीचं जेवण दोन्ही सोसेना म्हणून घरी आला. वरच्या खोलीत अभ्यास करतो. श्रावणात एक दिवस पुठ्ठ्याच्या खोक्यात महिन्याभराची सात पिल्लं घेऊन दारात उभा. पाच कडकनाथ, झाबुआकडची. आणि दोन कुठल्यातरी विलायती जातीच्या संकराची, 'निळी अंडी देतात' असं सांगून दिलेली. देणाऱ्याने कडकनाथबद्दलही सांगितलं होतं की पिसं काळी, मांस काळं, तशी अंडीही काळी कुळकुळीत. ह्यांनी गच्चीवरचा जुन्या कूलरचा सांगाडा खाली आणला, जाळी ठोकली, अंडी घालायला एक लाकडी पेटी बसवली, तिला वरून झाकण. झालं खुराडं.

'सेवेकरी बाई आणि घरात कोंबड्या?' असं कोणाच्या मनात आलं असेल तर ते माझ्याही मनात आलं होतं. मी अंडं खात नाही. हे आणि मुलगा खातात, आजवर बाहेर खायचे, मला माहीत नाही असं समजून. मी गुरुजींना पत्र लिहून विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. 'नको' म्हणाले तर काय करायचं ही भीती. म्हणजे बघा, कामना पिल्लांच्या आधीच खोक्यात येऊन बसलेली होती.

आमच्या सासूबाई खानदेशातल्या. अंड्यावर यायच्या आधीच्या तरण्या कोंबडीला त्या 'तलंग' म्हणत. तलंग अंड्यावर कधी येते हे त्यांना तिच्या चालीवरून कळायचं म्हणे. मला चालीवरून काही कळत नाही, म्हणून मी वाचायला लागले. कडकनाथ साधारण सहा महिन्यांनी अंड्यावर येते. यूट्यूबवर सगळे सांगतात, तुरा लालभडक झाला की समजा जवळ आलं. पण कडकनाथचा तुराच काळपट जांभळा! लाल होणार कुठून? आठ दिवस मी बिचारीच्या तुऱ्याकडे बघून मग हे लक्षात घेतलं. दुसरी खूण अशी की पाठीवरून हात नेला की ती पंख जरा पसरून खाली बसते. म्हणून मी दिसेल तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. त्या पळून जायच्या.

रंगाची गोष्ट मात्र मला फार आवडली. अंड्याला पूर्ण व्हायला साधारण पंचवीस तास लागतात आणि त्यातले वीस तास नुसतं कवच बनण्यात जातात. तपकिरी रंग अगदी शेवटी चढतो, वरच्यावर, घराला डिस्टेंपर मारतात तसा. आतून ते कवच पांढरंच असतं. निळा रंग तसा नाही, तो कवचात आरपार मुरलेला असतो. आणि हिरवं अंडं म्हणजे निळ्या कवचावर तपकिरी हात फिरलेला. निळ्या अंड्यांच्या कोंबड्या मूळ दक्षिण अमेरिकेतल्या, चिलीमधल्या. तिथल्या कोंबड्यांच्या कुठल्यातरी पूर्वजाच्या पेशीत एक विषाणू घुसून बसला आणि त्याच्यामुळे कवच निळं झालं, हे शास्त्रज्ञांनी २०१३ साली शोधून काढलं. म्हणजे ज्याला आपण शोभा म्हणतो ते एका जुन्या दुखण्याचं उरलेलं चिन्ह. चवीत आणि सत्त्वात रंगामुळे काही फरक पडत नाही.

आणि हा रंग कोंबडी ठरवत नाही. पिल्लू अंड्यात होतं तेव्हाच, किंबहुना त्याच्याही आधी, आईबापांकडून तो ठरून आलेला असतो. मी डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून जिची वाट बघत होते ती गोष्ट जुलैतच ठरलेली होती. तिच्यात कोंबडीचा काही दोष नव्हता आणि काही कर्तबही नव्हतं.

समोरच्या प्लॉटवर बांधकाम चाललंय. तिथे काम करणारी एक भिलीण बाई पाण्याची कळशी भरायला आमच्याकडे येते, झाबुआकडचीच आहे. तिला मी काळ्या अंड्यांबद्दल विचारलं. ती इतकी हसली की कळशी खाली ठेवावी लागली. "काली मुर्गी का अंडा काला नहीं होता, बाई. जैसा सबका होता है वैसाच होता है." थोडा गुलाबीसर झाक असलेला फिका तपकिरी, एवढंच. मी मुलाला सांगितलं तर त्याने उसासा टाकून "देणाऱ्याने फसवलं" म्हटलं. मला मात्र वाटलं, देणाऱ्याने खोटं सांगितलं ते खरंच, पण आपण इतक्या लवकर विश्वास का ठेवला? कारण आपल्याला ते हवं होतं.

हीच कडकनाथ, जिला तिकडे 'काली मासी' म्हणतात, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही हक्क सांगितला होता, शेवटी मान झाबुआला गेला. मालव्यात सगळ्यांना त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला होता. पण आता घरात कोंबड्या असताना ती बातमी मी पुन्हा वाचली तेव्हा एक शब्द खटकला. ते मानांकन कोंबडीला नाही, तिच्या मांसाला आहे. भिल्ल-भिलालांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेला तो जिवंत पक्षी कागदावर आला तो कापल्यानंतरच. मी मांस खात नाही म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण मीही तिच्याकडे बघताना फक्त तिचं अंडंच बघत होते ना?

आता मुद्द्यावर येते.

मार्गशीर्ष लागला होता. रोज सकाळी दाणे टाकताना मी कोंबड्यांशी बोलते, बायकांना सवय असते. "काय गं, झालं का? किती दिवस? खातेस तर भरपूर." असं काहीतरी. त्या दिवशी मुलगा चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसला होता, मला दिसला नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "आई, तू कोंबडीला जे विचारतेस ना, तेच मला विचारतेस. शब्दसुद्धा तेच."

मी म्हटलं, "काहीतरीच काय!" पण विचार केला तर खरंच होतं. जिना चढून वर चहा नेला की, "काय रे, झालं का? कधी लागतोय निकाल?" आणि हो, "खातोस तर नीट ना?" हेही. त्याच दमात, त्याच सुरात.

मग त्याने अजून एक विचारलं. "आणि यातले काही नर निघाले तर काय करणार?"

त्याने ते कोंबड्यांबद्दलच विचारलं असेल. पण ते वाक्य मला दिवसभर जड गेलं.

आपण सगळेजण गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला तो श्लोक लहानपणापासून ऐकत आलोय. काम आपलं, फळावर अधिकार नाही. गुरुजींनी कितीदा समजावून सांगितलंय. पण मला जाणवलं की ही शिकवण आपण नेहमी काम करणाऱ्याला देतो. शेतकऱ्याला, विद्यार्थ्याला, सेवेकऱ्याला. जो नुसता वाट बघतो त्याचं काय? अंडं कोंबडीने घालायचं, परीक्षा मुलाने द्यायची. कर्म त्यांचं. मी तर तिथे फक्त पिशवी घेऊन झाडाखाली उभी. मग मी सोडायचं तरी काय? फळ माझं नव्हतंच कधी. तरीपण मनाने त्यावर सगळ्यात मोठा हक्क मीच सांगत होते. करणारा निदान कामात गुंतलेला असतो, त्याला फळाचा विसर पडू शकतो. वाट बघणाऱ्याला दुसरं कामच नसतं, त्याच्या हातात फळाचा विचार आणि झाकणाची मूठ एवढंच.

मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं. सगळं विसरले, पण बर्ट्रांड रसेलची कोंबडी आठवते. 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी' या त्याच्या १९१२ सालच्या पुस्तकात ती आहे. एक माणूस तिला रोज दाणे टाकतो. ती समजून चालते की हा माणूस आला म्हणजे दाणे आले. आणि एक दिवस तोच माणूस तिची मान मुरगाळतो. कालपर्यंत जे झालं ते उद्याही होईल असं धरून चालणं किती भरवशाचं, हे त्याला सांगायचं होतं. कॉलेजात आम्ही पेपरात ते लिहिलं आणि पास झालो. आज पन्नाशी ओलांडल्यावर मला त्यात दुसरंच दिसतं. कोंबडीही वाट बघत असते. आमच्या सगळ्याजणी माझ्या चपलेचा आवाज ओळखतात. मी अंड्याची वाट बघते, त्या माझी बघतात. फरक असा की त्यांचा माझ्यावर भरवसा आहे आणि माझा त्यांच्यावर हिशेब आहे.

दत्तजयंतीला मी संकल्प केला. विचारणार नाही. कोंबडीलाही नाही, मुलालाही नाही. पेटीचं झाकण दिवसातून एकदाच उघडायचं, संध्याकाळी, भुसा बदलताना. आणि जिन्यावरून चहा नेला की ठेवायचा आणि खाली यायचं.

कोंबड्यांच्या बाबतीत हे जमलं. अवघड गेलं, पण जमलं. थंडीमुळे असंही काही होणार नव्हतं. कोंबडीला अंड्यावर यायला चौदा-एक तासांचा उजेड लागतो आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस कसाबसा पावणेअकरा तासांचा. तो उजेड तिला डोळ्यांनीच कळतो असंही नाही, कवटीच्या आत मेंदूपर्यंत झिरपतो आणि तिथे नोंद होते. मोठ्या पोल्ट्रीत म्हणूनच दिवे लावून ठेवतात, कोंबडीला वाटावं की उन्हाळाच चाललाय. ह्यांनी बल्ब लावू का विचारलं. मी नको म्हटलं. झोपू द्या की बिचारीला.

मुलाच्या बाबतीत मला वाटलं, मी अगदी आदर्श आई झाले. दोन आठवडे एक अक्षर विचारलं नाही. आणि पंधराव्या दिवशी रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, तू आता काही विचारतही नाहीस."

"तुलाच त्रास होत होता ना?"

"हो. पण विचारत नाहीस तेव्हा वाटतं की आता तुला माझ्याकडून काही अपेक्षाच उरली नाही."

मी ताट घेऊन उठले, नळ सोडला आणि भांडी घासत बसले. बाई सकाळी येणार होती तरी. खरं सांगू, त्या क्षणी मला रागही आला. विचारलं तरी चुकते, नाही विचारलं तरी चुकते. आईने करावं तरी काय? पण तो चुकीचं बोलला नव्हता. माझं गप्प राहणं हे कामना सोडणं नव्हतंच. मी फक्त झाकण बंद करून त्यावर बसले होते. आत तेच चाललेलं, आणि ते त्याला वरच्या खोलीत ऐकू जात होतं.

इकडे तोवर त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही पुढे आलं. सातातलं एक पिल्लू आधीच, नवरात्रात, मुंगसाने नेलं होतं. उरलेल्या सहातल्या दोन कडकनाथनी मार्गशीर्षातल्या एका पहाटे गळा साफ केला. आधी घोगरा, फाटका आवाज, आवाज फुटणाऱ्या मुलासारखा. चार दिवसांत खणखणीत बांग. दोन नर.

अंड्याची वाट बघणं म्हणजे नर कोण निघतो याचीही वाट बघणं, हे मी आधी कधी मनात आणलंच नव्हतं. साधारण निम्मे नर निघणार हे निसर्गाचं गणित. बाजारातून जी अंडी येतात, त्यामागे काय असतं हे मी तेव्हा वाचलं. अंड्यासाठी वाढवलेल्या जातीचे नर मांसासाठीही फायद्याचे नसतात, म्हणून उबवणी केंद्रात जन्माच्या पहिल्याच दिवशी त्यांना मारून टाकतात. जगभरात दरवर्षी अब्जावधी. जर्मनीने २०२२ पासून कायद्याने ते बंद केलं. आपल्याकडे दुकानातला अंड्यांचा ट्रे दिसतो, त्या प्रत्येक कोंबडीमागचा एक भाऊ दिसत नाही. मी अंडं खात नाही हे खरं, पण घरात अंडं हवं म्हणून पिल्लं आणू दिली, तेव्हा त्या भावाचा विचार मीही केला नव्हता.

भिलीण बाईला विचारलं. तिने सरळ सांगितलं, "मुर्गा तो खाने का होता है, बाई." तिच्या बोलण्यात क्रूरपणा काही नव्हता. तिच्या घरी पक्षी उगाच ठेवण्याइतका दाणा नसतो. माझ्या घरी असतो, म्हणून मला तत्त्वज्ञान परवडतं. हे मी स्वतःला अधूनमधून सांगत असते.

शेजारच्या काकांची पहाटे चारला झोपमोड व्हायला लागली. ते सज्जन, पहिल्यांदा काही बोलले नाहीत, फक्त सकाळी फिरायला जाताना खुराड्याकडे बघायचे. आम्ही रात्री कोंबड्यांवर डालगं झाकून वर गोणपाट टाकून पाहिलं. कोंबडं झाकल्याने तांबडं फुटायचं राहत नाही ही म्हण माहीत होती. आरवायचंही राहत नाही हे नव्याने कळलं. त्यातून दोघे एकमेकांना टोचायला लागले, एकाचा तुरा रक्तबंबाळ. दोन ठेवणं शक्य नव्हतं.

एक ठेवला. दुसरा महूकडच्या एका शेतकरी कुटुंबाला दिला. ते म्हणाले, "हमारे यहाँ मुर्गियाँ हैं, उनके साथ रहेगा." मी पिशवीभर मका बरोबर दिला, जसं काही मुलीची पाठवणी करतेय. त्याला दोन महिने होऊन गेले. त्यांच्या घरावरून आम्ही दोनदा गेलो. तो आहे का, हे मी विचारलेलं नाही. ज्या गोष्टी दिवसातून तीनदा विचारायच्या नसतात त्या विचारत होते, आणि जी एकदा तरी विचारायला हवी ती विचारवत नाही.

या सगळ्या दिवसांत मला गुरुजींचं एक जुनं प्रवचन आठवत होतं, दीक्षेवरचं. तुमच्यापैकी बरेचजण तेव्हा होतात. कुलार्णव तंत्रातला दाखला त्यांनी दिला होता. पक्षी पिल्लांना पंखांच्या उबेने वाढवतो, ती स्पर्शदीक्षा. मासा नुसत्या नजरेने वाढवतो, ती दृक्‌दीक्षा. आणि कासव दूर राहून नुसत्या ध्यानाने, ती वेधदीक्षा. (आपल्या संतांनी नजर कासवीला दिलीय, पण मुद्दा तोच.) तेव्हा मी वहीत लिहून घेतलं होतं आणि वाटलं होतं की हे गुरूंच्या सामर्थ्याबद्दल आहे, आपला काय संबंध.

आता वाटतं, त्या तिघांनाही पिल्लांची ओढ आहेच. निरिच्छ कोणीच नाही. पण तिघांपैकी कोणीही अंडं उचलून हलवून बघत नाही. आमच्या सासूबाई सांगायच्या, खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस जागा सोडत नाही, दिवसातून एकदा घाईघाईने उठून दाणापाणी करते आणि परत येते. ती अंडी मधूनमधून फिरवते, ते सगळीकडून सारखी ऊब लागावी म्हणून, आत काय झालंय हे बघायला नाही. (गंमत अशी की कडकनाथ स्वतः फारशी खुडूक बसत नाही. तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवावी लागतात. कोणी तिला वाईट आई म्हणत नाही.)

विचारणं आणि गप्प बसणं या दोन्हींत मी माझ्या वाट बघण्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर ठेवत होते. एकदा बोलून, एकदा न बोलून. मग उबेचा प्रकार कसा करायचा? मला तयार उत्तर सापडलेलं नाही. मी एवढंच केलं की त्याला सरळ सांगून टाकलं. पौषातली रात्र होती, तो गॅसपाशी हात शेकत उभा होता. मी म्हटलं, "मला वाटतं तुझं व्हावं. रोज वाटतं. ते मला थांबवता येत नाही. पण ते माझं आहे, तुझ्यावर त्याचा हप्ता नाही." तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, झालं नाही तर मी काय करेन याचा मी विचार करून ठेवलाय. तू विचारलंच नाहीस कधी." चार वर्षांत मी खरंच विचारलं नव्हतं. 'झालं का' विचारलं, 'कधी' विचारलं. 'नाही झालं तर तुला काय करावंसं वाटतं' हे विचारणं मला अपशकुनासारखं वाटायचं. त्या रात्री त्याने सांगितलं. ते त्याचं आहे म्हणून इथे लिहीत नाही. चहा दोनदा झाला.

पंढरीच्या विठ्ठलाबद्दल आपण नेहमी म्हणतो की भक्त त्याची वाट बघतो. गोष्ट तर उलटी आहे. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता, देव दारात आला तर त्याने वीट भिरकावली आणि थांबायला सांगितलं. वाट बघणारा देव आहे. आणि तो 'किती वेळ लागेल' असं विचारत नाही, रागावून निघूनही जात नाही. कमरेवर हात ठेवून उभा आहे. हात कमरेवर ठेवलेले असले की झाकण उघडता येत नाही, असंही मला आता वाटतं. मी ते करून पाहिलं, अंगणात, कोणी बघत नसताना. दहा मिनिटं टिकलं.

माघात, संक्रांतीनंतर दिवस जरा मोठा वाटायला लागल्यावर, एका संध्याकाळी भुसा बदलायला झाकण उघडलं आणि कोपऱ्यात अंडं होतं. लहान, जेमतेम मोठ्या लिंबाएवढं, पहिली अंडी तशीच असतात. काळं नाही, निळं नाही. फिकं, चहात दूध जास्त पडलं की होतो तसा रंग, जरा गुलाबीकडे. एका बाजूला रक्ताची बारीक रेघ सुकलेली होती. ती रेघ बघून माझा आनंद थोडा थांबला. आपण ज्याला 'दिलं' म्हणतो ते तिच्या अंगातून निघालेलं असतं.

ते अजून गरम होतं. मी मुलाला हाक मारली नाही, जिना चढून वर गेले आणि त्याच्या हातात ठेवलं. तो बराच वेळ ते हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "हे कोणाचं?" कोणत्या कोंबडीचं, असं त्याला विचारायचं होतं. मला माहीत नव्हतं. दोघी कडकनाथ सारख्याच काळ्या, एकीनेही काही जाहिरात केली नव्हती.

निळ्या अंड्यांच्या म्हणून आणलेल्या दोघी अजून अंड्यावर आलेल्या नाहीत. एकीच्या पाठीवरून हात फिरवला की ती आता पळत नाही, थांबते. दुसरी पळते. ती अजिबात अंडी देणारी नसेलही, अशा असतात म्हणे काही. ह्यांनी परवा सहज विचारलं, "मग हिचं काय?" मुलाने वरूनच उत्तर दिलं, "ती राहणार." त्याचा पूर्वपरीक्षेचा निकाल अजून यायचाय.

येत्या गुरुवारी पारायणाला भेटूच. कोणाकडे जुनी गोणपाटं पडून असतील तर कृपया घेऊन यावीत. फाटकी चालतील, खुराड्याला वारा फार लागतो.